वॉल्टरचं मधलं नाव

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "आजी, इथल्या जुन्या लोकांचे नोकरीतले अनुभव छापतोय. तुम्ही काय काम करत होतात?"

मी म्हटलं, "मेंढपाळ मोजत होते."

पलीकडून एकदम मऊ आवाजात, "आजी, आत्ता घरी कुणी आहे का तुमच्याजवळ?"

"नात आहे. पण तिला विचारून उपयोग नाही, मी मेंढपाळ मोजत होते तेव्हा ती जन्मलीच नव्हती."

बाईंना वाटलं ते वाटू दे. पण मी खरंच सिंगापूरमध्ये बसून स्कॉटलंडचे मेंढपाळ मोजत होते. नुसते मेंढपाळ नाही. त्यांच्या बायका, पोरं, सासवा आणि खिडक्यासुद्धा. आणि त्यातल्या एका पोराला मी चक्क घराबाहेर काढलं होतं. तेच सांगायला बसले आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही पासिर रिसला नवव्या मजल्यावर राहायचो. आमचे हे जहाजावर इंजिनियर. चार महिने समुद्रावर आणि दोन महिने सोफ्यावर. मुलगा-मुलगी शाळेत जायला लागलेली. मी पुण्याची इंग्रजी एम.ए., शिवाय टायपिंगची चाळीसची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. ही दोन सर्टिफिकिटं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी अशी काही फिरायची, की शेक्सपिअरच्या घरी माझं येणंजाणं असावं. ती तेव्हाची मी आज बसमध्ये शेजारी येऊन बसली, तर मी पुढच्या स्टॉपवर उतरून जाईन.

नोकरी मिळाली पाया लेबारला. जुनी कारखान्यांची इमारत, पाचव्या मजल्यावर आम्ही, चौथ्यावर बिस्किटांचा कारखाना. दहा वाजता लोण्याचा वास वर यायचा आणि अकरापर्यंत कुणाचंही कामात लक्ष नसायचं. एसी इतका गार की बाहेर माणसं घामाने निथळतायत आणि आम्ही आत स्वेटर घालून बसलोय. मला तो स्वेटर फार शोभायचा, अशी माझी समजूत होती. स्कॉटलंडचं काम ना!

काम काय होतं, ते साध्या शब्दांत सांगते. दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये दर दहा वर्षांनी खानेसुमारी व्हायची. सरकारी माणूस घरोघर जायचा आणि एका मोठ्या वहीत लिहायचा: माणसाचं नाव, घरच्या कर्त्याशी नातं, लग्न झालंय की नाही, वय, धंदा, जन्मगाव. १८६१ साली तर आणखी एक रकाना होता: खिडकी असलेल्या खोल्या किती. या वह्यांचे फोटो काढून फिल्मची रिळं केलेली होती. ती आमच्याकडे यायची. आम्ही यंत्रात रीळ घालायचो, काचेवर पान मोठं दिसायचं, आणि ते शेजारच्या कॉम्प्युटरवर हिरव्या अक्षरांत टाइप करायचं. परदेशातल्या लोकांना आपले पणजोबा कोण, कुठले, हे शोधून देणारी एक संस्था होती, तिच्यासाठी हे सगळं चालायचं.

प्रत्येक पान दोघी जणी टाइप करायच्या. वेगवेगळ्या बसून, एकमेकींचं न बघता. मग कॉम्प्युटर दोन्ही पानं ताडून बघायचा आणि जिथे फरक असेल तेवढीच ओळ आमच्या सुपरवायझर मिस लिम यांच्याकडे जायची. त्या मूळ फिल्म बघून निकाल द्यायच्या. दोघींचं सारखं आलं तर ते बरोबर, असा नियम. मिस लिमनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं: 'दिसतं ते टाइप करा. कळतं ते नाही.' तिसरा नियम भिंतीवर नव्हता, पण पहिल्याच दिवशी सांगितला होता. जोडीदारणीशी पानाबद्दल बोलायचं नाही.

माझी जोडीदारीण रोकिया. गोल चेहऱ्याची, हसरी मलय बाई, माझ्याच वयाची. तिच्याशी बोलायचं नाही म्हणजे फारच झालं.

पहिल्याच आठवड्यात मी अकलेचे तारे तोडले. जन्मगावाच्या रकान्यात पहिल्या ओळीला गावाचं नाव आणि खाली सगळीकडे 'do'. मी अगदी मनापासून टाइप केलं: डो, डो, डो. दुसऱ्या दिवशी मिस लिमना म्हटलं, "हे डो गाव फार मोठं दिसतंय. अर्धं स्कॉटलंड तिथेच जन्मलंय."

मिस लिमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते 'डिटो'. वरच्यासारखंच. तू एम.ए. ना?"

"हो."

"ओके," त्या म्हणाल्या. या 'ओके'इतका अपमान माझा नंतर कुणी केला नाही. मी आदल्या दिवशी लायब्ररीत जाऊन नकाशात डो गाव शोधून आले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे.

मग 'स्कॉलर' आला. मेंढपाळाची सहा वर्षांची पोर, धंदा: स्कॉलर. मी घरी यांना सांगितलं, "अहो, काय लोक असतील हे! सहाव्या वर्षी विद्वान!" हे सोफ्यावरूनच म्हणाले, "शाळेत जात असेल ती." समुद्रावर राहणाऱ्या माणसाला जे कळलं, ते एम.ए.ला कळलं नव्हतं.

पण मेंढपाळ मला कळतात, याबद्दल माझी खात्री होती. माझं माहेर फलटणकडचं. सुगी झाली की आमच्या रानात धनगरांचे कळप बसायला यायचे, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. घोड्यावर अख्खा संसार, वर कोंबड्या, त्यावर पोर. कारभारीण घोड्याच्या पुढे, कमरेवर हात ठेवून आमच्या आजोबांशी घासाघीस करणारी. त्यामुळे 'शेफर्ड' शब्द दिसला की मी ताठ बसायची. आपली माणसं आली!

तसंच एक घर आलं. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरातलं. टॉमस टेलफर, कर्ता, वय अडतीस, मेंढपाळ. मार्गारेट, बायको. जेम्स, मुलगा, दहा. मग वॉल्टर बेल टेलफर, आठ. मग बेट्सी, सहा, अर्थातच स्कॉलर. मग एक वर्षाचा जॉन. तिथे पान संपलं होतं. खिडकी असलेली खोली: एक.

मी आमच्या नऊ खिडक्या आठवल्या, ज्या मी दर शनिवारी कुरकुरत पुसायची, आणि क्षणभर ओशाळले. क्षणभरच. कारण लगेच मला वॉल्टरचं नाव खटकलं.

बाकी कुणाला मधलं नाव नाही, यालाच का? आणि बेल? बाप टॉमस, मग मधलं नाव टॉमस हवं! मधलं नाव म्हणजे बापाचं नाव. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते मला माहीत होतं. म्हणजे याचा बाप बेल. टॉमस नव्हेच.

त्यात नात्याच्या रकान्यात नेमका त्याच ओळीवर शाईचा जाड फराटा होता. मोजणी करणाऱ्या कारकुनाने कधीतरी ओढलेला. फराट्यातून शेवटी 'son' दिसत होतं, पण त्याच्या आधी काहीतरी काळं होतं. नियम असा, की दिसत नसेल तर प्रश्नचिन्ह टाइप करायचं. पण प्रश्नचिन्ह सामान्य टायपिस्टांसाठी. मी एम.ए.

गेलांग सेराईच्या बाजारात आम्ही जेवायला जायचो. मी माझं थालीपीठ रोकियाला द्यायची आणि तिचा नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, मी खायची. त्या दिवशी मी म्हटलं, "त्या टेलफरच्या घरातला दुसरा मुलगा पाहिलास?"

रोकियाने इकडेतिकडे बघितलं. "बेलवाला?"

"बाप वेगळा."

"वेगळाच!" ती थालीपीठ हलवत म्हणाली. "मी रोकिया बिंती युसुफ. बिंती म्हणजे मुलगी. युसुफची मुलगी. नावापुढे येतो तो बाप. हा बेलचा मुलगा, लाह." हे 'लाह' म्हणजे इथलं 'बरं का'.

"फराट्याखाली 'स्टेप' असणार."

"असणारच. बिचारा."

आम्ही दोघींनी बिचाऱ्यासाठी जिभेने चुकचुक केलं, वर मार्गारेटच्या पूर्वायुष्याबद्दल दोनचार तर्क केले, जे इथे छापण्यासारखे नाहीत, आणि कॉफी पिऊन वर गेलो. मी टाइप केलं: स्टेपसन. तिने टाइप केलं: स्टेपसन. कॉम्प्युटरने दोन्ही पानं ताडली. फरक शून्य. मिस लिमकडे ओळ गेलीच नाही.

पुढे कितीतरी महिन्यांनी, अकराच्या सुमाराला, बिस्किटांचा वास ओसरत असताना दारात एक म्हातारी गोरी बाई उभी राहिली. ऐंशीच्या घरातली, काटक, पायात चालायचे जाड बूट, हातात पर्स नाही, पाठीवर पिशवी. तिचं नाव एल्सी. न्यूझीलंडहून आली होती आणि दोन दिवसांनी तिचं पुढचं विमान होतं, स्कॉटलंडला.

तिने पिशवीतून एक छापील पान काढून मिस लिमच्या टेबलावर ठेवलं. "हे इथे टाइप झालं, असं मला सांगितलं. ज्याने टाइप केलं, त्याला मला एकच प्रश्न विचारायचाय."

मी लांबूनच पान ओळखलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

एल्सीबाई खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. वॉल्टर त्यांचे आजोबा. विशीत न्यूझीलंडला गेले, मेंढ्यांमागेच, आणि पुन्हा परतले नाहीत. मरताना म्हणाले होते, माझं नाव बापाच्या थडग्याच्या दगडावर घाला. तिकडच्या डोंगरात चर्चच्या आवारात टॉमस आणि मार्गारेटचा दगड अजून आहे, खाली जागाही आहे. एल्सीबाईंनी तिकडच्या चुलतभावंडांना पत्र लिहिलं, पुरावा म्हणून हेच पान मागवून पाठवलं. उलट टपाली उत्तर आलं: इथे तर सावत्र लिहिलंय. मग हा आमच्या दगडावर कसा?

"छापून आलं म्हणजे खरं, असं त्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "खरं असेल तर असू दे. पण मग मी तिथे जाऊन भीक मागणार नाही. इथूनच परत फिरेन. म्हणून विचारते, तुम्हाला तिथे काय दिसलं?"

मिस लिमनी आमच्याकडे बघितलं. "हे पान कुणाचं?"

आता मी काय करायला हवं होतं? मी उभी राहिले आणि, देवाशपथ सांगते, फोल्डरवाल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, दोघींचं सारखं आलंय. म्हणजे नियमाप्रमाणे ते बरोबर आहे."

मिस लिमनी पान जवळ ओढलं. बोटाने एकेक ओळ खाली येत गेल्या. "पहिला मुलगा, दहा वर्षांचा, ह्या टॉमसचा. तिसरी, सहा वर्षांची, ह्याची. चौथा, ह्याचा. आणि मधला एकटा स्टेपसन?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हाऊ कॅन?"

खरंच, हाऊ कॅन? असं कसं असेल? इतके महिने हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला डोंगरातल्या मार्गारेटपुढे इतकी लाज वाटली, की तोंडातून आपोआप निघालं, "आम्ही जेवताना बोललो होतो. फराट्याखाली मला 'स्टेप' दिसलं नव्हतं. मी ठरवलं."

"आम्ही ठरवलं," रोकिया मागून म्हणाली. बाई मोठ्या मनाची. मी एकटीच बुडत होते, तीही पाण्यात उतरली.

मला वाटलं, झालं, नोकरी गेली. मिस लिम उठल्या, कपाटातून रीळ काढलं, यंत्रात घातलं आणि यंत्राचा दिवा पूर्ण मोठा केला. आम्ही चौघी काचेवर वाकलो. फराटा प्रकाशात तपकिरी झाला. त्याखालून अक्षरं वर आली. एस, ओ, एन. आधी काही नाही. जे मला काळं दिसलं होतं, ती फराट्याची सुरुवात होती. कारकुनाने टाक टेकवला तिथे शाई साचलेली.

"सन," एल्सीबाई अगदी हळू म्हणाल्या.

"मग बेल कोण?" मी विचारलं. खोड जात नाही बघा. एवढं होऊनही मला बेलचा छडा लावायचाच होता.

मिस लिमनी दांडा फिरवून पुढचं पान आणलं. ते पान दुसऱ्या जोडीकडे गेलं होतं, मी कधी पाहिलंच नव्हतं. पहिलीच ओळ, टेलफरांच्याच घरातली: आयसोबेल बेल, सासू, विधवा, वय सत्तर.

एल्सीबाई हसायला लागल्या. "अगं, आमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. दुसऱ्याला आईच्या बापाचं. अख्खं, आडनावासकट! वॉल्टर बेल म्हणजे मार्गारेटचे वडील. ही म्हातारी त्यांची बायको. नातवाला हाक मारता मारता नवऱ्याचं नाव घेत असेल."

"आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं हो," मी म्हटलं, माझी बाजू मांडायला.

"तुझं मधलं नाव तुझ्या वडिलांचं?"

"लग्नाआधी होतं. आता नवऱ्याचं."

एल्सीबाईंनी क्षणभर मनात जुळवाजुळव केली. "म्हणजे आमच्या रीतीने वाचलं तर तुझा नवरा तुझ्या आजोळचा!"

"आमच्याकडे काही घरांत तेही चालतं," मी म्हटलं. ते मी भाषांतर करून समजावेपर्यंत रोकिया खुर्चीवरून घसरली आणि मिस लिम, ज्यांना मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं, त्या रुमाल शोधायला लागल्या. "आम्हा चिनी लोकांत आडनाव पहिलं," त्या म्हणाल्या. "मी ते पान तपासलं असतं, तर बापाचं आडनाव वॉल्टर धरलं असतं."

मग एल्सीबाई सरळ उभ्या राहिल्या. दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. लांब, मग दोन छोट्या, मग वर चढत जाणारी. "आजोबांनी शिकवली," त्या म्हणाल्या. "कुत्र्याला सांगायची. सगळ्या आल्या, घरी चल."

कुत्रा आला नाही, पण खालचा रखवालदार धापा टाकत आला आणि त्याच्यामागे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बिस्किटवाल्या चार बायका. आग लागली, असं त्यांना वाटलं होतं. खरं काय ते कळल्यावर त्यांनी मोडकी बिस्किटं आणून दिली. इतका आनंदाचा दिवस त्या मजल्यावर दुसरा आठवत नाही.

मिस लिमनी दुरुस्त पान छापून त्यावर सही-शिक्का केला, सोबत फिल्मचा फोटो दिला. एल्सीबाई दोन दिवसांनी विमानात बसल्या. आम्हा दोघींना नोकरीवरून काढलं नाही. शिक्षा त्याहून वाईट होती: आमच्या हातून गेलेली, मधलं नाव असलेली सगळी माणसं पुन्हा तपासायची. कित्येक आठवडे तेच. आणखी दोघांना त्यांचे खरे बाप आम्ही परत मिळवून दिले. त्या दिवसांत रोकिया आणि मी जेवताना फक्त सिनेमावर बोलायचो.

खंत आहे ती एवढीच, की एल्सीबाई आल्या म्हणून कळलं. ज्यांच्यासाठी कुणी जाड बूट घालून पाचव्या मजल्यावर आलं नाही, अशी माझ्या शहाणपणाखाली दबलेली माणसं अजून किती असतील, देव जाणे. पुढे इमारत पाडली, रिळं गेली, रोकिया आता गुडघ्यांबद्दल फोन करते. मिस लिमचा तो भिंतीवरचा कागद मात्र मी मागून घेतला होता. आता तो सेंगकांगच्या घरी माझ्या फ्रिजवर आहे. सुनेबद्दल काही बोलायच्या आधी मी तो एकदा वाचते. नेहमी नाही.

एल्सीबाईंचं पत्र त्याच वर्षी आलं होतं, फोटोसकट. हिरवा डोंगर, वाकडा दगड, पुढ्यात चरणारी एक मेंढी, जिला या सगळ्याचं काही नाही. दगडावर वर टॉमस, मग मार्गारेट, शेवाळ खरवडलेलं. आणि खाली नवीन, पांढरीफेक अक्षरं: वॉल्टर बेल. त्याच्या पुढे एकच शब्द.

परवा नातीला तो फोटो दाखवला. म्हटलं, "बघ, मी जन्मभर टाइप केलं, सगळं कुठे कुठे विरून गेलं. पण त्यातली ही तीन अक्षरं दगडात आहेत. एस, ओ, एन."

नात म्हणाली, "पण आजी, तू तर ती राँग टाइप केली होती, लाह."

"हो," मी म्हटलं. "म्हणून तर पाठ आहेत."